उंदीर गाळला कोणी?

उंदराला अल्झायमर होत नाही. शेतातल्या उंदराला होत नाही, बाजार समितीच्या गोदामातल्या घुशीला होत नाही, आणि प्रयोगशाळेच्या पिंजऱ्यात लाकडाच्या भुश्शावर झोपणाऱ्या लाल डोळ्यांच्या पांढऱ्या उंदरालाही होत नाही. दोन-अडीच वर्षे तो जगतो, म्हातारा होतो, मरतो. माणसाच्या मेंदूत ज्या अमायलॉइड प्रथिनाचे किटण धरते, त्याच प्रथिनात उंदराच्या बाबतीत तीन अमिनो आम्ले वेगळी असतात, म्हणून उंदराच्या मेंदूत ते आपसूक धरतच नाही. हे अल्झायमरवर काम करणाऱ्या प्रत्येक संशोधकाला ठाऊक आहे. औषध कंपन्यांना ठाऊक आहे. संशोधनाला पैसा पुरवणाऱ्या सरकारांना ठाऊक आहे. ठाऊक नाही ते फक्त त्या माणसाला, ज्याच्या घरात हा रोग शिरला आहे. आणि त्याला ते कळू नये याची चोख व्यवस्था गेली तीस वर्षे चालू आहे. या व्यवस्थेबद्दल आज आम्हाला बोलायचे आहे, आणि सौम्य शब्दांत बोलण्याची आमची इच्छा नाही.

गेल्या श्रावणात एक गृहस्थ आमच्या कचेरीत आले. सत्तरी उलटलेली, इस्त्रीचा पांढरा सदरा, हातात कापडी पिशवी. पिशवीत फाइल आणि फाइलमध्ये आमच्याच वर्तमानपत्राचे कात्रण. मथळा असा, की अल्झायमरवर चमत्कार घडला असून हरवलेली स्मृती परत आणणारे औषध सापडले आहे. "साहेब, हे औषध कुठल्या दुकानात मिळतं तेवढं सांगा. चार केमिस्ट पालथे घातले, कुणाला माहीत नाही. मुंबईहून मागवायची तयारी आहे," ते म्हणाले. त्यांच्या पत्नी तीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकवत होत्या. आता दिवेलागण झाली की त्या पायांत चपला घालून दाराशी उभ्या राहतात आणि "मला आमच्या घरी सोडा" म्हणतात. घरातच असतात.

आम्ही बातमी करणाऱ्या उपसंपादकाला बोलावले, मूळ इंग्रजी मजकूर काढायला लावला. सातव्या परिच्छेदात लिहिले होते की हे औषध उंदरांना दिले होते. आमच्या पानावर जाताना तो परिच्छेद जागेअभावी कापला गेला. जागेअभावी! त्याच पानावर एका टीव्ही मालिकेच्या शेवटाची बातमी दोन स्तंभ ऐसपैस पसरली होती. गृहस्थांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले. "म्हणजे उंदीर बरे झाले," एवढेच म्हणाले आणि पिशवी उचलून उठले.

तेवढेही खरे नव्हते. उंदीर मुळात आजारीच नव्हते.

आजारी नसलेल्या प्राण्याला बरे करायचे तर आधी त्याला आजारी पाडावे लागते. ते कसे पाडतात ते एकदा नीट पाहून घ्या. जगात काही मोजकी घराणी अशी आहेत की त्यांच्यात चाळिशी-पन्नाशीतच हा रोग पिढ्यानपिढ्या उतरतो. त्यांच्या जनुकांतले दोष १९९१ पासून एकेक हाती लागत गेले. एकूण रुग्णांत या घराण्यांचा वाटा शेकड्याला एकाहूनही कमी. तुमच्या-आमच्या आजीला, मामांना, शेजारच्या निवृत्त मुख्याध्यापकांना जो अल्झायमर होतो तो हा नव्हे. पण हाती लागले ते हेच जनुक, म्हणून तेच उंदराच्या फलित बीजात घुसवले, आणि तिथे ते दुप्पट-चौपट जोमाने चालेल अशी तजवीज केली. १९९५ मध्ये असा पहिला नावाजलेला उंदीर जगापुढे आला. १९९६ मध्ये मिनेसोटातून 'टीजी २५७६' आला. २००६ मध्ये 'फाइव्ह एक्स फॅड' आला. या शेवटच्याच्या नावातच त्याचा पराक्रम आहे. वेगवेगळ्या घराण्यांतले पाच दोष त्या एका चिमुकल्या जिवात कोंबले आहेत. हे पाचही दोष एकत्र घेऊन जन्मलेला माणूस कोणी दाखवावा! माणसाच्या मेंदूत जे किटण पंधरा-वीस वर्षे मुकाट्याने साचत राहते, ते या उंदराच्या मेंदूत दुसऱ्या महिन्यातच धरू लागते. म्हातारपणीचा रोग म्हणायचा आणि तो पोरवयात उगवायचा!

बरे, एवढा आटापिटा करून तरी तो रोग उतरतो का? १९०६ साली ट्युबिंगेनच्या सभेत आलोइस अल्झायमरने फ्रँकफुर्टच्या आउगुस्टे डेटर या रुग्ण बाईच्या मेंदूतल्या दोन खुणा सांगितल्या होत्या. पेशींच्या बाहेर साचलेले किटण आणि पेशींच्या आत पडलेले धाग्यांचे गुंते. शिवाय पेशी मरून मेंदूच आक्रसला होता. या उंदरांत पहिली खूण मुबलक सापडते. दुसरी बहुतेकांत नाही. पेशींचा संहार बहुतेकांत नाममात्र. गुंते नाहीत म्हणून लोक नावे ठेवू लागले, तेव्हा २००३ मध्ये गुंतेवाला उंदीरही घडवण्यात आला. त्यात टाऊ नावाच्या प्रथिनाचा जो दोष घातला, तो अल्झायमरचा नव्हेच, तो दुसऱ्याच एका स्मृतिभ्रंशाचा! एकाचा सदरा, दुसऱ्याची टोपी, तिसऱ्याचे जोडे आणि वरून फेटा. हे सोंग उभे करून त्याच्या गळ्यात पाटी अडकवली 'अल्झायमरचा उंदीर'. सोंग आणायला आमची हरकत नाही. बहुरूपीही आणतो. पण बहुरूप्याने फौजदाराचा वेष केला म्हणून त्याच्याकडे कोणी फिर्याद नोंदवायला जात नाही.

आता या उंदराची 'स्मृती' कशी मोजतात ते पाहा. एक गोल हौद. त्यात कोमट पाणी आणि पाण्यात दुधाची भुकटी कालवलेली, म्हणजे तळ दिसू नये. पाण्याखाली बोटभर खोलीवर एक छोटा चौथरा. रिचर्ड मॉरिस या शास्त्रज्ञाने १९८१ च्या सुमारास स्कॉटलंडमध्ये ही परीक्षा बसवली, तीही मोठ्या रॅटसाठी. ते पट्टीचे पोहणारे. लहान उंदराला पोहण्याचे वावडे. त्याला शेपटीला धरून हौदात सोडतात. तो भेदरतो, काठाकाठाने फिरतो, कधी हातपाय सोडून नुसता तरंगत राहतो. चौथरा सापडायला किती सेकंद लागले ते घड्याळ लावून टिपतात. सेकंद कमी म्हणजे स्मृती सुधारली. सेकंद जास्त म्हणजे स्मृतिभ्रंश. झाले शास्त्र! प्रसिद्ध 'टीजी २५७६' ज्या संकरातून आला त्यातल्या एका वंशात डोळ्याच्या पडद्याचा नाश करणारे जनुक आहे. म्हणजे त्या पिलावळीतले काही उंदीर चक्क आंधळे निपजतात. भिंतीवरच्या खुणा पाहून चौथरा शोधायची परीक्षा, आणि परीक्षार्थी आंधळा! आधी डोळे तपासणारे काळजीवाहू लोक आहेत, नाही असे नाही. पण २०१४ मध्ये कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाने आणखी एक गोष्ट दाखवली. पिंजऱ्याजवळ पुरुष संशोधक असला तर त्याच्या अंगाच्या वासानेच उंदीर ताणाखाली येतात. अंगातला टीशर्ट नुसता जवळ ठेवला तरी तेच होते. तेव्हा औषधाने उंदीर सुधारला, की त्या दिवशी हौदावर बाई होत्या म्हणून सुधारला, हे कोणी सांगायचे?

इथे कोणी म्हणेल, अग्रलेखवाल्यांना शास्त्रातले काय कळते? नसेल कळत. पण हिशेब कळतो. म्हणून या उंदरांनी दिलेल्या शुभवार्तांचा हिशेबच मांडतो.

१९९९ साली अमायलॉइडविरुद्धची लस उंदरांना टोचली. किटण साफ झाले, तरुण उंदरांत ते धरलेच नाही. जगभर टाळ्या पडल्या. मग तीच लस माणसांना टोचली. जानेवारी २००२ मध्ये चाचणी बंद करावी लागली, कारण लस घेतलेल्या २९८ जणांपैकी १८ जणांच्या मेंदूला आणि त्याच्या आवरणाला सूज आली. उंदरांनी याची पूर्वसूचना दिली नव्हती. खरी चपराक पुढे बसली. त्या चाचणीतल्या काही रुग्णांच्या मेंदूंचे मृत्यूनंतर विच्छेदन झाले, आणि २००८ मध्ये इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी निष्कर्ष छापले. काहींचे किटण जवळजवळ पुरते साफ झाले होते. आणि ती माणसे तीव्र स्मृतिभ्रंशातच मेली होती. घराची झाडलोट उत्तम झाली, घरधनी मात्र परतला नाही.

मग मेंदूतले ते प्रथिन तयारच होऊ द्यायचे नाही, असा बेत ठरला. उंदरांत बेत उत्तम पार पडला. माणसांत सेमागासेस्टॅट नावाचे औषध अडीच हजारांहून अधिक रुग्णांना देण्याचा घाट घातला गेला. ऑगस्ट २०१० मध्ये तो गुंडाळला, कारण औषध घेणारे रुग्ण खोटी गोळी घेणाऱ्यांपेक्षा जास्त खालावत होते आणि त्यांच्यात त्वचेचा कर्करोगही जास्त दिसत होता. पुढे व्हेरुबेसेस्टॅट आले. २०१७ मध्ये एक चाचणी थांबली, २०१८ मध्ये दुसरी. या दुसऱ्या चाचणीतही औषध घेणाऱ्यांची बुद्धी अधिक मंदावली. लक्षात घ्या, नुसते 'उपयोग झाला नाही' असे हे प्रकरण नाही. आधीच अंधारात चाचपडणाऱ्या माणसांच्या हातातली काठीही काढून घेतली गेली.

आणि बेक्सारोटीन! फेब्रुवारी २०१२ मध्ये 'सायन्स' या दबदब्याच्या साप्ताहिकात छापून आले की त्वचेच्या एका कर्करोगावरचे हे जुने औषध उंदरांना दिले, तर ७२ तासांत निम्म्याहून अधिक किटण गायब. औषध बाजारात आधीच उपलब्ध! अमेरिकेतल्या कुटुंबांनी डॉक्टरांचे दरवाजे ठोठावले. पुढच्याच वर्षी मे महिन्यात चार वेगवेगळ्या गटांनी त्याच साप्ताहिकात लिहिले की आम्ही तोच प्रयोग करून पाहिला, किटण काही कमी झाले नाही. नंतर २० रुग्णांवर छोटी चाचणी झाली. मुख्य कसोटीवर औषध नापास, आणि रुग्णांच्या रक्तातली चरबी वाढली ती वेगळीच. पहिल्या बातमीला मिळालेल्या जागेच्या दहाव्या हिश्शातही ही दुसरी बातमी कोणी छापली का? आम्हीही छापली नाही.

एकूण जमाखर्च? २००२ ते २०१२ या दहा वर्षांतल्या अल्झायमरच्या औषधांच्या ४१३ चाचण्यांचा आढावा घेतला गेला. अपयशाचे प्रमाण ९९.६ टक्के निघाले. डोंगर पोखरून उंदीर काढणे ही म्हण आपल्याकडे जुनी आहे. या मंडळींनी ती उलटी केली आहे. ते उंदीर पोखरतात आणि डोंगर निघाला म्हणून दवंडी पिटतात.

अपयशाबद्दल आम्ही कोणाला फाशी मागत नाही. रोग अवघड आहे, मेंदू अवघड आहे, शंभरदा पडून एकदा उभे राहणे हा शास्त्राचा धर्मच आहे. आमचा संताप आहे तो पडण्याच्या पद्धतीवर. किराणा दुकानातला तराजूसुद्धा वजनमापवाला येऊन तपासतो. प्रयोगशाळेतला तराजू कोणी तपासला? एडिंबरोच्या संशोधकांनी तपासला. अल्झायमरच्या उंदरांवरचे ४२७ निबंध त्यांनी चाळले. कोणता उंदीर औषधाच्या गटात आणि कोणता बिनऔषधाच्या, हे चिठ्ठ्या टाकून ठरवले होते का? मोजणाऱ्याला कोणत्या उंदराला औषध दिले आहे हे ठाऊक नव्हते ना? गल्लीतल्या गणेशोत्सवात रांगोळी स्पर्धेलासुद्धा परीक्षकाला स्पर्धकाचे नाव कळू देत नाहीत, इतके हे साधे पथ्य. चारातल्या एका निबंधातसुद्धा ते पाळल्याची नोंद नव्हती. प्रयोगाला किती उंदीर लागतील याचे गणित तर कोणीच मांडले नव्हते. आणि पथ्य पाळले की काय होते, तेही ऐका. चेतापेशींच्या दुसऱ्या एका असाध्य रोगाबाबत मॅसॅच्युसेट्समधल्या एका संस्थेने सत्तरहून अधिक औषधे त्याच जातीच्या उंदरांवर पुन्हा, पण काटेकोरपणे तपासली. २००८ मध्ये निकाल छापला. गाजलेली औषधेही त्यात होती. एकही टिकले नाही.

ढिलाईच्या शेजारी लबाडीचे घर असते. २००६ मध्ये मिनेसोटा विद्यापीठातून 'नेचर'मध्ये एक निबंध आला. त्याच 'टीजी २५७६' उंदरांच्या मेंदूतून अमायलॉइडचा एक विशिष्ट कण वेगळा काढला, तो निरोगी रॅटच्या मेंदूत सोडला आणि त्यांची स्मृती बिघडली, असा दावा. म्हणजे गुन्हेगार रंगेहाथ सापडला! दोन हजारांहून अधिक निबंधांनी त्याचा हवाला दिला. २०२२ मध्ये व्हँडरबिल्ट विद्यापीठातले डॉक्टर मॅथ्यू श्रॅग यांनी त्यातल्या चित्रांत जोडकामाच्या खुणा दाखवल्या आणि 'सायन्स'ने ते प्रकरण चव्हाट्यावर आणले. जून २०२४ मध्ये निबंध मागे घेतला गेला. अठरा वर्षांनी! अमायलॉइडचा सगळा सिद्धांत या एकाच निबंधावर उभा होता असे कोणी सांगत असेल तर तेही खोटे आहे. तो सिद्धांत आधीचा आहे आणि त्याला दुसरेही आधार आहेत. पण अठरा वर्षे हजारो डोळ्यांखालून ती चित्रे गेली आणि कोणाला काही खटकले नाही? ज्याने तपासायचे तोही त्याच उंदरांवर पोट भरणारा, आणि ज्याला तपासायचे तोही. उंदराला मांजर साक्ष, एवढेच म्हणावे लागते.

आता येतो आमच्या मूळ प्रश्नावर. उंदीर गाळला कोणी?

२०१८ आणि २०१९ या दोन वर्षांत छापलेल्या, अल्झायमरसाठी उंदीर वापरलेल्या ६२३ निबंधांची शीर्षके दोन संशोधकांनी तपासली आणि २०२१ मध्ये 'प्लॉस बायॉलॉजी'त निष्कर्ष दिले. ४०५ निबंधांच्या शीर्षकात उंदराचा उल्लेख होता, २१८ मध्ये नव्हता. आणि गंमत पाहा. ज्या शीर्षकांतून उंदीर गायब, त्यांच्यावरच्या बातम्यांच्या मथळ्यांतूनही तो बहुधा गायब, आणि समाजमाध्यमांवर त्यांचा बोलबाला जवळजवळ दुप्पट! म्हणजे उंदीर गाळणे किफायतशीर आहे. गाळण्याची ही साखळी वरून खाली कशी येते ते पाहा. संशोधक शीर्षकातून उंदीर काढतो, कारण निबंध भारदस्त वाटतो. विद्यापीठाचे प्रसिद्धी खाते दुसऱ्या परिच्छेदातून तो काढून सातव्यात टाकते, कारण देणगीदार दुसऱ्या परिच्छेदापर्यंतच वाचतात. वृत्तसंस्था मथळ्यात 'आशेचा किरण' घालते. आमचा उपसंपादक सातवा परिच्छेद कापतो. मग ते कात्रण कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर येते, तेव्हा उंदीर नसतोच, 'अमेरिकेत औषध आलंय, आईसाठी बघा' एवढेच असते. पाच पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीवर प्रत्येकाला वाटते की आपण फक्त एक शब्द काढला.

२०१९ मध्ये जेम्स हेदर्स नावाच्या एका वैतागलेल्या संशोधकाने ट्विटरवर खाते उघडले. आरोग्याची अशी बातमी आली की तो फक्त दोन इंग्रजी शब्द जोडायचा, 'इन माइस', म्हणजे 'उंदरांमध्ये'. दुसरे काही करायचा नाही. तेवढ्याने बातमीचा फुगा फुटायचा.

आमच्याकडे उंदीर नवा नाही. प्रभादेवीच्या सिद्धिविनायकाला जाणारा भाविक गाभाऱ्याबाहेरच्या चांदीच्या मूषकाच्या एका कानावर हात ठेवतो आणि दुसऱ्या कानात आपली इच्छा कुजबुजतो. त्याला आम्ही हसणार नाही. आपण उंदराच्या कानात बोलतो आहोत हे त्याला ठाऊक असते. मुख्य देव आत आहे आणि निर्णय त्याचा, हेही ठाऊक असते. संशोधनाच्या देवळात मात्र मूषकालाच गाभाऱ्यात बसवून टाकले आहे.

हे सगळे अमेरिकेतले म्हणून आपण मिशांना तूप लावून मोकळे व्हावे, तर तीही सोय नाही. महाराष्ट्रातल्या गावोगावच्या औषधनिर्माण महाविद्यालयांत जा. एम. फार्म.च्या मुलामुलींचे प्रबंध काढा. एक प्रयोग तुम्हाला पुन्हा पुन्हा भेटेल. स्विस अल्बिनो जातीचे उंदीर, एका गटात सहा. त्यांना स्कोपोलामीन टोचायचे. स्कोपोलामीन म्हणजे काय? आपल्या गावकुसाबाहेरच्या उकिरड्यावर वाढणाऱ्या धोत्र्यात असते तेच विष. ठग वाटसरूला धोत्रा खाऊ घालत, तो भ्रमिष्ट होई, मग त्याची गाठोडी लांबवत. इथे गाठोड्याऐवजी पदवी आहे. उंदराला धोत्र्याची गुंगी आली की जमिनीपासून उंच बांधलेल्या लाकडी क्रुसावर त्याला ठेवायचे. उघड्या पट्टीवरून आडोशाच्या पट्टीत शिरायला त्याला किती सेकंद लागतात ते मोजायचे. दुसऱ्या गटाला आधी ब्राह्मीचा, शंखपुष्पीचा, अश्वगंधेचा नाहीतर शेवग्याच्या पाल्याचा अर्क पाजलेला. तो उंदीर चार सेकंद आधी आडोशाला गेला, की निष्कर्ष तयार. अमुक वनस्पती अल्झायमरवर गुणकारी! अरे, धोत्र्याची गुंगी दुसऱ्या दिवशी आपोआप उतरते. अल्झायमर उतरतो का? दारू पिऊन झिंगलेल्याला ताक पाजले, तो थोडा लवकर शुद्धीवर आला, म्हणून ताक हा पक्षाघातावर उपाय असे कोणी लिहिले तर त्याला कोणते विद्यापीठ पदवी देईल?

देतात ना! पोरांचा दोष नाही. मार्गदर्शक सरांनी दहा वर्षांपूर्वी हाच प्रयोग वेगळ्या पाल्यावर केलेला असतो. क्रूस तोच, घड्याळ तेच, बदलतो फक्त पाला. प्राणी-नीती समितीचा अर्ज भरायचा, शिक्का घ्यायचा, सहा गुणिले पाच गट म्हणजे तीस उंदीर मारायचे, आणि पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या एखाद्या मासिकात निबंध लावायचा. पीएच. डी.पूर्वी निबंध छापलाच पाहिजे ही सक्ती विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये काढली. पण पदोन्नतीसाठी निबंध मोजायची सवय गेलेली नाही, आणि तोवर निबंधांचा पूरही ओसरणार नाही. मग एखादा चूर्णवाला त्या निबंधाचे नाव डबीवर छापतो. 'स्मृतिवर्धक, वैज्ञानिक संशोधनाने सिद्ध'. डबीवर उंदीर नसतो. १९६० च्या कायद्याने प्राण्यांशी क्रूरतेला बंदी घातली. या तीस उंदरांना नेमके कोणत्या ज्ञानासाठी मारले, याचा जाब त्या कायद्याखालच्या समित्यांनी प्रत्येक मार्गदर्शकाला विचारावा. ज्ञानासाठी जीव घेणे समजू शकते. गुणपत्रिकेसाठी घेणे ही निव्वळ हिंसा आहे.

उंदीर-पक्षाचे वकील आता लेकानेमॅबचे नाव काढतील, आणि ते काढणे रास्त आहे. स्वीडनमध्ये उप्सालाच्या प्रयोगशाळेत उंदरांपासूनच या प्रतिपिंडाची सुरुवात झाली. १,७९५ रुग्णांवर अठरा महिने चाचणी झाली, आणि २०२३ मध्ये अमेरिकेने त्याला पूर्ण मान्यता दिली. रोगाचा वेग २७ टक्क्यांनी कमी झाला, ही बातमी आपण सगळ्यांनी वाचली. पण ते २७ टक्के कशाचे? अठरा गुणांच्या मोजपट्टीवर औषध घेणारा आणि न घेणारा यांच्यात फरक पडला ०.४५ गुणांचा. अर्ध्या गुणाहून कमी. त्यासाठी दर पंधरवड्याला शिरेतून औषध, वरचेवर एमआरआय, शेकडा साडेबारा रुग्णांच्या मेंदूला सूज आल्याची नोंद, आणि २०२३ च्या भावाने अमेरिकेत वर्षाला २६,५०० डॉलर. आणि रोग थांबत नाही, फक्त जरा हळू चालतो. तीस वर्षांच्या मूषकपुराणाचे हे सर्वांत मोठे फळ आहे. ते आम्ही नाकारत नाही. ज्या घराला त्यातून काही महिने मिळाले त्यांच्यासाठी ते मोलाचेच आहेत. आमचे म्हणणे इतकेच, की फळ बोराएवढे असेल तर फणसाची वर्णने करू नका.

दुसरा वकील म्हणेल, मग काय थेट माणसांवर प्रयोग करायचे? मुळीच नाही. विष किती मात्रेला मारते, औषध मेंदूपर्यंत पोहोचते का, एखादे प्रथिन काढले तर पेशी कशी वागते, हे उंदीर प्रामाणिकपणे सांगतो. त्याला तेवढेच विचारा. त्याला 'आजींना नातू ओळखू येईल का' असे विचाराल, तर तो बिचारा उत्तर देणार नाही. उत्तर तुम्हीच द्याल आणि त्याच्या नावावर खपवाल.

साठी बुद्धी नाठी म्हणून, म्हातारचळ म्हणून ज्या समाजाने या रोगाला शतकानुशतके हसण्यावारी नेले, त्या आपल्या देशात आज साठीपुढच्या शंभरांत सातांहून अधिक माणसे स्मृतिभ्रंशाने गाठली आहेत. देशभराच्या पाहणीवरून काढलेला आकडा ८८ लाखांच्या घरात जातो. प्रत्येकामागे एक सून, एक मुलगी, एक म्हातारा नवरा रात्रीचा जागा आहे. दाराला आतून कुलूप लावून, किल्ली उशाखाली घेऊन. ही माणसे वर्तमानपत्र कसे वाचतात? बाजारभाव वाचणारा वाचतो तसे नाही. बुडणारा काडी शोधतो तसे. त्यांच्यापुढे आम्ही सगळ्यांनी मिळून, म्हणजे हौदावरच्या संशोधकापासून आमच्या रात्रपाळीच्या टेबलापर्यंत सगळ्यांनी, चित्रातली काडी टाकली.

संशोधन संस्थांनी शीर्षकात प्राण्याचे नाव सक्तीचे करावे. औषधनिर्माणाच्या विद्यापीठांनी धोत्र्याच्या प्रयोगाला 'अल्झायमर' हे नाव देणारा प्रबंध परत पाठवावा. डबीवर 'संशोधनाने सिद्ध' छापणाऱ्या कारखानदाराकडून अन्न व औषध प्रशासनाने विचारून घ्यावे, संशोधन कोणावर? दुसऱ्यांना सांगण्यासारखे एवढेच. स्वतःच्या घरात मात्र आम्ही आजच हुकूम काढला आहे, आणि तो वृत्तसंपादकांच्या टेबलामागे चिकटवला आहे. ज्या बातमीत उंदीर आहे, तिच्या मथळ्यात उंदीर येईल. पोटमथळ्यात नाही, सातव्या परिच्छेदात नाही, मथळ्यात. जागा पुरत नसेल तर 'चमत्कार' काढावा. चार अक्षरे मोकळी होतात, आणि उंदराला तीनच लागतात.